गरम हवा वर जाते, मग उंचावर थंडी का?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राचे उत्तर लांबले, याला तुझाच प्रश्न कारणीभूत आहे. पत्राच्या शेवटी तू सहज विचारले होतेस की, गरम हवा वर जाते असे आपण शाळेत शिकलो, मग डोंगरमाथ्यावर थंडी का असते? वर तर आपण सूर्याच्या थोडे जवळच असतो! दोन ओळींत उत्तर लिहून टाकावे म्हणून बसलो आणि लक्षात आले की मलाही ते ठाऊक नाही. म्हणून वातावरणाची प्राथमिक ओळख करून देणारी पुस्तके अगदी पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

सुरुवात हवेच्या वजनापासून करावी लागते. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीतल्या हवेचे वजन ५५ किलोंहून अधिक भरते, हा हिशेब मी तीनदा करून पाहिला, कारण तो पटत नव्हता. इटालियन शास्त्रज्ञ टोरिचेल्लीने १६४४ मध्ये एका पत्रात लिहिले होते की आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो. त्याने पाऱ्याने भरलेली, वरून बंद असलेली काचेची नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली होती; तिच्यातला पारा सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीवर तोलून धरला जातो तो याच महासागराच्या भाराने. हे खरे असेल तर उंचावर पारा उतरायला हवा, असा तर्क करून फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालने आपल्या मेहुण्याला, पेरियेला, फ्रान्समधील पुय द डोम या डोंगरावर नळी घेऊन चढायला सांगितले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी तो सुमारे हजार मीटर चढला आणि पारा आठ सेंटीमीटरांहून अधिक उतरला. मला या प्रयोगाचे फार अप्रूप वाटते. डोंगर चढला मेहुणा आणि दाबाच्या एककाला नाव मिळाले पास्कालचे, हा भाग वेगळा.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. सूर्याचे ऊन हवेला थेट फारसे तापवत नाही. त्याचा बराचसा भाग हवेतून आरपार येऊन जमिनीला तापवतो आणि जमीन आपल्याला टेकलेल्या हवेला तापवते. म्हणजे आपली चूल वर नसून खाली आहे. तापलेली हवा प्रसरण पावते, हलकी होते आणि वर निघते. येथपर्यंत आपले शालेय ज्ञान बरोबर आहे, पण पुढचे अर्धे वाक्य आपल्याला कोणी सांगितले नाही. वर जाताना त्या हवेवरचा भार कमी होत जातो, म्हणून ती फुगते. फुगण्यासाठी तिला भोवतालच्या हवेला बाजूला सारावे लागते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो हे तू अनुभवले असशील. येथे नेमके त्याच्या उलट घडते. कोरडी हवा अशा रीतीने दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. तेव्हा गरम हवा वर जाते हेही खरे आणि वर गेलेली हवा गरम राहत नाही हेही खरे. त्या त्या उंचीवरच्या भोवतालच्या हवेपेक्षा ती उबदार असेल तोवरच ती चढते. बरोबरी झाली की थांबते.

बाष्प मिसळले की हे प्रकरण अधिक रंगते. दमट हवा जड असते अशी माझी ठाम समजूत होती आणि ती साफ चुकीची निघाली. नायट्रोजनचा रेणू २८ भाराचा, ऑक्सिजनचा ३२ आणि पाण्याचा केवळ १८; त्यामुळे तापमान आणि दाब सारखे असताना दमट हवा कोरड्या हवेहून हलकीच असते. एक घनमीटर हवेत ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, पण १० अंशांना ९ ग्रॅमच्या आसपासच. म्हणून हवा वर जाऊन थंड झाली की जादा बाष्प धूलिकणांवर किंवा मिठाच्या कणांवर पाणी होऊन बसते, आणि आपल्याला ढग दिसतो. ढग म्हणजे वाफ नव्हे, पाण्याचे किंवा बर्फाचे अतिसूक्ष्म कण. एका मध्यम पावसाच्या थेंबाला असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात, म्हणून प्रत्येक ढग बरसत नाही. शिवाय बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता, म्हणजे पाण्याची वाफ होताना तिच्यात साठलेली उष्णता, बाहेर पडते, त्यामुळे ढगातली हवा सावकाश थंड होते आणि भोवतालापेक्षा उबदार राहून आणखी वर उसळते. गडगडाटी वादळाला बळ मिळते ते येथूनच.

वाऱ्याविषयी थोडक्यात लिहितो. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते, परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते. परिणामी तेथे वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे क्षेत्र साधारणपणे डाव्या हाताला असते; दक्षिण गोलार्धात उजव्या. टेकड्या नसलेल्या मोकळ्या जागी तू हे करून पाहा.

एक गोष्ट मात्र मला अजून नीट पचलेली नाही. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून झपाट्याने थंड होते आणि तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षाही गार होते. मग तुझा प्रश्नच उलटतो, कारण काही अंतरापर्यंत वर जावे तसे ऊब वाढत जाते. अशा पहाटे धूर सरळ वर न जाता ठरावीक उंचीवर आडवा पसरतो. पुढच्या स्वच्छ, निवांत पहाटे तुला धूर दिसला, तर तो कोठे थांबतो ते पाहून ठेव आणि सूर्य वर आल्यावर किती वेळाने तो थर मोडतो तेही कळव.

तुझा मित्र