काकांच्या एसजीपीटीबद्दल

प्रिय सुन्या,

काकांचा एसजीपीटी ११९ आला म्हणून तू तिकडे पुण्यात रात्रभर जागा होतास असं वहिनी म्हणाली, आणि फोनवर तू मला बोलूच देत नव्हतास, म्हणून लिहून पाठवतोय, नीट वाच.

हे एसजीपीटी, आता रिपोर्टवर एएलटी पण लिहितात, ते लिव्हरच्या पेशींच्या आत काम करणारं एन्झाइम आहे. रक्तात थोडंसंच असतं, पेशींना मार बसला की आतलं बाहेर येतं आणि तेच आपण मोजतो. रिपोर्टवर त्याच्या जोडीला असतं ते दुसरं एन्झाइम, एसजीओटी, हार्टमध्ये, मसल्समध्ये, लाल पेशींमध्येही असतं (१९५४ साली ते हार्ट अटॅक ओळखायलाच मोजलं होतं), म्हणून लिव्हरचा विषय असला की मी आधी एसजीपीटी बघतो.

काकांचं ब्लड मीच राजवाड्याजवळच्या घरी जाऊन घेतलं आणि सँपल मीच लावलं. एक एमएल रीएजंटमध्ये (टेस्टच्या किटमधलं रसायन) १०० मायक्रोलिटर सीरम (रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी), ३७ डिग्री, ३४० नॅनोमीटरचा प्रकाश. एन्झाइम पायरुव्हेट बनवतं, ते पायरुव्हेट वापरताना रीएजंटमधलं एनएडीएच, म्हणजे हा प्रकाश शोषणारं रसायन, खर्च होतं आणि स्क्रीनवरचं रीडिंग खाली खाली येतं. काकांचं मिनिटाला ०.०६८ नी उतरत होतं, त्याला किटच्या १७४६ फॅक्टरने गुणलं की झाले ११९. मी परत लावून बघितलं, तेवढंच आलं. सीरम पण स्वच्छ पिवळं होतं, जरा जरी गुलाबी असतं, म्हणजे लाल पेशी फुटल्या असत्या, तर मी पुन्हा ब्लड घ्यायला गेलो असतो.

पण सुन्या, हा आकडा आत्ता पेशींना किती मार बसतोय एवढंच सांगतो रे, लिव्हर किती उरलंय ते नाही सांगत. पोटात पाणी झालेले सिरोसिसचे पेशंट येतात आमच्याकडे, त्यांचा एसजीपीटी कधी कधी ३५ असतो, कारण फुटायला पेशीच कमी उरल्यात, आणि नातेवाईक नॉर्मल आलं म्हणून खूश होतात, तेव्हा फार वाईट वाटतं मला. उलट पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसमध्ये हजारांत जातो, तरी वेळेत इलाज झाला तर तेच लिव्हर सावरतं. लिव्हर काम करतंय का ते अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघून कळतं. काकांचं अल्ब्युमिन ४.२ आहे, बिलिरुबिन ०.८, हे खरंच चांगलं आहे. आयएनआर आज लावतोय.

उद्याच परत टेस्ट कर म्हणतोस ते नको, रक्तातलं एसजीपीटी निम्मं व्हायलाच साधारण दोन दिवस लागतात, काही आठवड्यांनी करू. त्याआधी सोनोग्राफी आणि हिपॅटायटिस बी, सी करून घेऊ, काकांचं वजन आणि शुगर बघता फॅटी लिव्हर असू शकतं. आणि ते गुडघ्यांसाठी कुठल्याशा वैद्याची पुडी घेतात ना, त्यावर काहीच लिहिलेलं नाहीये, त्याची मला जास्त काळजी आहे. डॉक्टरांना दाखवायला एक पुडी मी घेऊन ठेवलीय, काका माझं ऐकत नाहीत, तू आजच फोन करून त्यांना ती बंद करायला सांग.

तुझा,
मंग्या