डिस्चार्ज कार्डावर स्वभावाचीही नोंद हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, पक्षाघातातून सावरलेले ज्येष्ठ घरी येतात ते गोळ्यांची यादी आणि व्यायामाचा तक्ता घेऊन. तक्ता सगळ्यांना सारखाच: टाच सरकवा, गुडघा ताठ करा, दहा-दहा वेळा. तो करणारा माणूस कोणत्या स्वभावाचा, हे कुणी विचारत नाही. घरचेही 'स्वभावाला औषध नाही' म्हणून मोकळे होतात.

औषध नसेल, पण तजवीज करता येते. फिजिओथेरपीत उमेदीची वर्षे गेली म्हणून सांगते. काळजीखोर आजी एकदा पडल्या की त्या धास्तीने खाट सोडत नाहीत. न चालल्याने पायांतली ताकद जाते आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. त्यांना 'घाबरू नका' म्हणून काही होत नाही. शेजारी उभे राहून न्हाणीघरापर्यंतच्या पावलांची रोज सवय करून द्यावी लागते. शिस्तीचे निवृत्त मास्तर मात्र दहाऐवजी तीस वेळा करून गुडघा सुजवून घेतात. आणि गप्पिष्ट माणसाला मागच्या खोलीत एकट्याने व्यायाम करायला लावणे ही तर शिक्षाच!

आमच्या क्षेत्रात, रुग्ण रोजची कामे स्वतः किती करू शकतो हे मोजणारा बार्थेल निर्देशांक १९६५पासून आहे. जेवण, आंघोळ, जिना अशा दहा कामांवर शंभरपैकी गुण. उपयोगी आहे, पण माणूस जिना चढून गच्चीत कुणाशी बोलतो का, हे त्यात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमानाविषयीच्या २६ प्रश्नांत झोप, मित्रांचा आधार, जगण्यातली गोडी हेही असते. दुखणे सारखेच असले तरी वेगळ्या स्वभावाच्या दोघांची उत्तरे वेगळी येतात. चिंतातुर माणसे आपले जगणे अधिक खालावलेले सांगतात, हे अभ्यासांत वारंवार दिसले आहे.

मात्र सगळेच स्वभावावर ढकलू नये. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि घरात त्याला 'तिरसटपणा' म्हणतात. त्यावर उपचार आहेत. ज्येष्ठांसाठी १५ 'हो-नाही' प्रश्नांची चाचणीही आहे, काही मिनिटांत होते.

रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी वाढवाव्यात: आजारपणाआधी दिवस कसा जायचा, भीती कशाची वाटते, कुणाशी पटते. आणि हे मुला-सुनेला न विचारता खुद्द आजी-आजोबांना विचारावे.

आपली,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, सांगली