आमच्या कमिशनर काकांना जाहीर आभार पत्र

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

असं चारचौघांत पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही. "एवढं काय केलं मी?" म्हणाल आणि विषय तुमच्या लाडक्या स्टीलर्स टीमवर न्याल. पण माझ्या गेल्या वर्षीच्या एका सौद्यावरून गेल्या रविवारपासून आपल्या फँटसी लीगच्या ग्रुपवर जे चाललंय ते पाहून राहवत नाही. वर्षभर मनात राहिलेलं आज लिहून टाकते.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांना फुटबॉल म्हटलं की मेस्सी आठवेल. त्यांच्यासाठी थोडक्यात. हा अमेरिकन फुटबॉल, एनएफएलचा. आम्ही बारा मराठी डोकी खऱ्या खेळाडूंच्या काल्पनिक टीम बाळगतो आणि ते मैदानात जे करतील त्याचे पॉइंट्स आम्हाला मिळतात. दर आठवड्याला आमच्या दोन-दोन टीमची मॅच लागते, आणि लीग चालवतो, वाद मिटवतो तो कमिशनर. साध्या फँटसी लीगमध्ये हंगाम संपला की पाटी कोरी. आमची लीग डायनेस्टी. खेळाडू वर्षानुवर्षं तुमचाच राहतो, ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची निवड, होते ती फक्त कॉलेजातून नव्याने आलेल्या पोरांची, आणि तळाच्या टीमला आधी निवडायला मिळतं. त्या ड्राफ्टमधला आपला नंबर, म्हणजे पिक, आधीच विकता येतो. पुढच्या वर्षीचाच काय, त्याच्या पुढच्या वर्षीचाही. त्यामुळे इथे ट्रेडला, म्हणजे खेळाडू-पिकांच्या अदलाबदलीला, फार महत्त्व, आणि ट्रेडवरून होणाऱ्या भांडणांना त्याहून जास्त. आजचा चालता खेळाडू देऊन उद्याचा पिक घेणारा माणूस लोकांना एकतर वेडा वाटतो, नाहीतर लबाड.

मी लबाड ठरले होते. आणि तुमच्या लीगमध्ये ते पहिल्यांदा घडलं असंही नाही.

माझी आधीची लीग ऑफिसमधल्यांची होती. तिथेही मी असाच एक वय झालेला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, देऊन पिक घेतले होते. आरडाओरडा झाला तेव्हा कमिशनरसाहेबांनी खांदे उडवले आणि म्हणाले, लोकशाही आहे, मतदान घेऊ. कसली डोंबलाची लोकशाही! मत देणाऱ्या प्रत्येकाला तो ट्रेड मोडण्यातच फायदा होता. समोरची टीम तगडी होऊ नये, एवढीच त्यांची तत्त्वनिष्ठा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय. ट्रेड मोडला. का मोडला ते कुणी सांगितलं नाही, वर एक हसरा इमोजी तेवढा मिळाला. महिन्याभरात त्याच गृहस्थांनी स्वतः तसाच ट्रेड केला, आणि तो मात्र बिनबोभाट पास झाला. त्या हंगामानंतर मी लीग सोडली.

तुमच्याकडे आले ती मालक पळालेली टीम घ्यायला. आधीच्या भल्या माणसाने पुढचे पहिल्या फेरीचे पिक विकून खाल्ले होते आणि मग फोन उचलणं बंद केलं होतं. त्याच्यामुळेच तुम्ही तो नियम केलात: ज्या वर्षीचा पिक विकायचा, त्या वर्षीची वर्गणी आधी भरा. (इतर लीगवाल्यांनो, हा नियम आजच उचला.) टीममध्ये नाव घेण्यासारखा एकच खेळाडू उरला होता, डेरिक हेन्री.

जानेवारी १९९४ चा जन्म. रनिंग बॅकच्या हिशेबाने आजोबाच. टॉड गर्लीसारखा माणूस २०१७ मध्ये एनएफएलचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला आणि २०२० च्या हंगामानंतर पुन्हा मैदानात दिसला नाही, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. गुडघ्यांचा धंदा आहे तो. पण हेन्री म्हातारा झालाय हे हेन्रीला कुणी कळवलं नव्हतं. २०२४ मध्ये तो टेनेसी सोडून बाल्टिमोरला गेला आणि पहिल्या सहा आठवड्यांत ७०४ यार्ड धावला. बफेलोविरुद्ध तर बाल्टिमोरच्या पहिल्याच प्लेला ८७ यार्डांचा टचडाउन (इथला गोलच समजा). आणि हे सगळं कुणाच्या टीममध्ये? तळाला पडलेल्या माझ्या. त्याच्या धावण्याने मी चाळीसऐवजी पंधरा पॉइंट्सनी हरायचे, आणि कधी चुकून जिंकलेच तर ड्राफ्टच्या उरलेल्या फेऱ्यांतला माझा नंबर घसरायचा. म्हणून ऑक्टोबरात मी त्याला देऊन टाकला आणि बदल्यात २०२५ चा पहिल्या फेरीचा आणि २०२६ चा दुसऱ्या फेरीचा पिक घेतला.

घेणारा माझा मावसभाऊ निघाला, तिथेच सगळं बिघडलं.

"यंदा भाऊबीज लवकर आली, आणि उलटी. बहिणीनेच ओवाळणी घातली." पहिला मेसेज हा. मी पण हसले. मग कुणीतरी हेन्रीच्या आठवड्याच्या पॉइंट्सचा स्क्रीनशॉट टाकला. कुणी खेळाडूंचा भाव सांगणारा ट्रेड कॅल्क्युलेटर काढला, कुणी दुसरा कॅल्क्युलेटर काढला. एकाच्या मते मी भावाला लुटलं होतं, दुसऱ्याच्या मते भावाने मला. त्यावर शांतपणे बोलता आलं असतं. पण तेवढ्यात एकाने "हे सरळ सरळ साटंलोटं आहे" असं लिहिलं आणि त्याला पाच अंगठे पडले. नवरा म्हणाला, अगं खेळच आहे, झोप. खेळ खरा, पण आरोप खेळातला नव्हता. ज्यांच्या घरी गणपतीला मोदक खाऊन आले होते, त्यांचेच ते अंगठे होते.

रात्री तुमचा मेसेज आला. मी तो अजून जपून ठेवलाय, तसाच उतरवते:

"निकालाआधी एक गोष्ट. हा ट्रेड मान्य झाला तर याच आठवड्यात हेन्री माझ्याविरुद्ध उतरेल. ट्रेड मोडला तर फायदा माझा आहे. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा."

मग एक ओळ रिकामी. मग निकाल: दोघांशी वेगवेगळं बोललो, दोघांची कारणं पटली, ट्रेड कायम.

काका, निकालाबद्दल मी आभार मानत नाहीये. निकाल विरुद्ध गेला असता तरी ते पहिलं वाक्य वाचून मी गप्प बसले असते. त्या दिवशी ग्रुपवर तावातावाने बोलणाऱ्या प्रत्येकाचं काही ना काही अडकलेलं होतं. एकाला प्लेऑफमध्ये जायचं होतं, दुसऱ्याने आदल्याच आठवड्यात हेन्री मागितला होता आणि मी नाही म्हटलं होतं. त्यातल्या एकानेही ते बोलून दाखवलं नाही. सगळे न्यायासाठी भांडत होते म्हणे! आणि ज्याचं सगळ्यात जास्त अडकलं होतं, त्या माणसाने आपले पत्ते आधी उघडे केले. कुणी विचारलं नव्हतं. वेळापत्रक बघून तुमची मॅच कुणाशी आहे हे तपासायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं.

त्या रिकाम्या ओळीनंतर ग्रुपवर अर्धा तास कुणी काही लिहिलं नाही. मग दोन मेसेज डिलीट झाले. मग एक "ओके काका".

आपल्याकडे हे किती दुर्मीळ आहे बघा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्याच्या मेव्हण्याला रंगकामाचं कंत्राट हवं असतं, तोच पहिल्यांदा उठून पारदर्शकतेवर बोलतो. स्पर्धेच्या परीक्षकाची भाची स्टेजवर असते आणि ते कळतं बक्षीस समारंभानंतर. माणसं वाईट असतात असं नाही. आपलं हित सांगितलं तर आपलं मत हलकं पडेल, अशी त्यांना भीती वाटते. तुमचं मत तर त्या दिवसापासून जड झालं. आता तुम्ही "ट्रेड कायम" एवढं लिहिलंत तरी वाद होत नाही.

आणि हो, हेन्री त्या आठवड्यात खेळला. रविवार संपला तेव्हा तुम्ही पुढे होतात. सोमवारी रात्री टँपामध्ये तो १६९ यार्ड धावला आणि तुम्ही हरलात. मंगळवारी सकाळी तुम्ही भावाला "छान खेळलास" असं लिहिलंत, तेही वाचलं मी.

दिवाळीत तुमच्याकडे आलो तेव्हा काकूंनी चकल्यांबरोबर ती वही दाखवली. टेरिबल टॉवेलच्या, म्हणजे स्टीलर्सचे चाहते फडकवतात त्या, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली, पेन्सिलने आखलेले रकाने. तारीख, कुणी दिलं, कुणी घेतलं, आणि शेवटचा सगळ्यात रुंद रकाना, "का?" आमच्या ट्रेडपुढे माझ्या नावाखाली लिहिलं होतं: दोन वर्षांनी जिंकायचंय. भावाच्या नावाखाली: याच वर्षी जिंकायचंय. खाली तुमच्या अक्षरात: दोघांचंही बरोबर.

मग तुम्ही हर्शेल वॉकर या रनिंग बॅकचा किस्सा काढलात. १९८९ चा ऑक्टोबर, डॅलसने आपला एकमेव स्टार मिनेसोटाला देऊन खेळाडू आणि पिकांचा ढीग घेतला. त्या वर्षी डॅलस १६ पैकी १५ मॅच हरली. त्या वेळी बाकीच्या मालकांचं मतदान घेतलं असतं तर काय निकाल लागला असता, असं तुम्ही विचारलंत. त्याच पिकांच्या उलाढालीतून पुढच्या वर्षी एमिट स्मिथसारखा मोठा रनिंग बॅक आला आणि १९९२, १९९३ आणि १९९५ चे हंगाम डॅलसने सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकून संपवले. पण म्हणून मिनेसोटाला तुम्ही मूर्ख म्हणू दिलं नाहीत. आपण एका रनिंग बॅकने कमी पडतोय असं त्यांना वाटत होतं, आणि तेही कारणच होतं. पुढे डॅलसवाल्यांनी पिकांना भाव लावणारा तक्ता केला, पहिल्या नंबरला ३००० आणि दहाव्याला १३००. आजचे सगळे कॅल्क्युलेटर त्याचीच नातवंडं, म्हणालात. उपयोगी आहेत, पण ते बेरीज करतात. तीन बऱ्या खेळाडूंची बेरीज एका मोठ्या खेळाडूएवढी आली तरी तो ट्रेड सारखा होत नाही, कारण मैदानात उतरवायला जागा मोजक्याच असतात. आणि समोरचा यंदा जिंकायला बसलाय की टीम नव्याने बांधतोय, हे कॅल्क्युलेटरला माहीत नसतं. ते विचारावं लागतं.

"मूर्खपणाला व्हेटो नाही, लबाडीला आहे," हे तुमचं वाक्य आता मी दुसऱ्या लीगमध्ये स्वतःचं म्हणून खपवते. माफी असावी.

आता गेल्या रविवारचं. भाऊ फायनल हरला, त्यामुळे त्याचा पिक अकराव्या नंबरवर आला आणि मी आयोवा विद्यापीठाचा रनिंग बॅक केलब जॉन्सन घेतला. स्टीलर्सनी त्याला तिसऱ्या फेरीत घेतलेलं, तुम्ही माझ्याहून खूश. आणि १४ सप्टेंबर २०२५ ला सिअ‍ॅटलविरुद्ध किकऑफचा, म्हणजे लाथाडून खेळ सुरू करायचा, चेंडू त्याला चकवून एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, घरंगळला, आणि हा पठ्ठ्या तो न उचलता निघाला! सिअ‍ॅटलच्या जॉर्ज होलानीने झडप घालून तो अजून खेळात असलेला चेंडू पकडला. टचडाउन. स्टीलर्स ३१-१७ ने हरले. ग्रुपवर लगेच सुरू झालं. हेन्रीने २०२४ चा हंगाम १,९२१ यार्डांवर संपवला होता, त्याच्या बदल्यात हे ध्यान? ओवाळणीचं ताट पालथं झालं. बघा, तेव्हाच म्हणत होतो.

तुमचा तो रविवार कसा गेला असेल याची मला कल्पना आहे. तरी तुम्ही लिहिलंत: "ट्रेड ऑक्टोबरचा होता, चेंडू सप्टेंबरचा आहे." आणि खाली अँड्र्यू लक या स्टार खेळाडूचं उदाहरण. २४ ऑगस्ट २०१९ ला, वयाच्या २९ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. २३ तारखेला ज्याने लक विकला, तो काय चोर होता?

ते वाचलं आणि हे पत्र लिहायला बसले.

अंगठे देणाऱ्या पाचांपैकी दोघांनी नंतर फोन केला होता, हेही सांगायला हवं. उरलेल्या तिघांना माझा नमस्कार. त्यांच्याशी ट्रेड करायला माझी अजूनही ना नाही, फक्त पुढच्या वेळी आपली मॅच कुणाशी आहे ते आधी लिहा.

काकूंना नमस्कार सांगा, चकलीची भाजणी संपली आहे. आणि केलब जॉन्सन हवा असेल तर बोला. तुमचाच माणूस आहे, २०२६ च्या दुसऱ्या फेरीच्या पिकात देईन. "का?" च्या रकान्यात माझ्या नावाखाली लिहा: किकऑफ बघवत नाही.

आपली नम्र,
तळाची टीम (सध्या नववी)