जुन्या मैदानांची फेरी : पेठेला, माजी खेळाडूंना आणि तमाम फुटबॉलवेड्यांना जाहीर आवाहन

सप्रेम नमस्कार.

हंगाम शेवटाकडे आलाय आणि पेठेत शिवजयंतीची गडबड सुरू झालीय. अशात आणखी एक वर्गणी म्हटली की कपाळाला आठ्या पडणार, हे माहीत आहे. तरी पत्र लिहितोय, कारण पावसाच्या आत हे काम झालं नाही तर आणखी एक वर्ष गेलं म्हणून समजा. आणि ज्यांच्या भरवशावर हे काम करायचं, ती माणसं वर्षागणिक कमी होत चाललीत.

बैठकीत ठरल्याप्रमाणे, पारंपरिक (वैशाखातली) शिवजयंती झाली की येणाऱ्या पहिल्या रविवारी आपल्या तालमीचा फुटबॉल संघ कोल्हापुरातल्या ज्या ज्या मैदानांवर वाढला त्या जागांची पायी फेरी काढायची आहे. प्रत्येक जागी एक लहानसा दगडी फलक बसवायचा आहे. त्यासाठी पैसे हवेत, माणसं हवीत आणि तुमच्या घरी ट्रंकेत, देवघरामागं, माळ्यावर पडलेले जुने फोटो हवेत.

आत्ताच्या पोरांना वाटतं, आपला संघ जन्मला तोच शाहू स्टेडियमवर. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी दाखवलंच नाही. स्टेडियम आहे, गॅलरी आहे, केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग आहे, मोबाईलवर थेट सामना दिसतो. ह्याच्या आधी ह्या शहरात फुटबॉल कुठं आणि कसा खेळला गेला, हे सांगणारी माणसं तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेली असतात आणि पोरं त्यांच्यासमोरून गाडी रेटत निघून जातात.

आता फेरी कुठून कुठं, ते सांगतो. सुरुवात तालमीच्या मागच्या परड्यापासून. तिथं आता चार मजली इमारत आणि खाली पार्किंग आहे. एके काळी तिथं वैरण पडायची आणि वैरण उचलली की दोन बांबू रोवून पोरं खेळायची. इमारतीच्या मालकांनी पार्किंगच्या भिंतीवर फलक लावायला हसत हसत परवानगी दिली. "माझा बापच तिथं गोलकीपर होता," म्हणाले. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. तिथून पेटाळ्याचं मैदान. शाळा सुटल्यावर दप्तरं गोल म्हणून ठेवायची आणि अंधार पडेपर्यंत खेळायचं. पेटाळ्याबद्दल वेगळं काय सांगायचं, निम्मी पेठ तिथंच वाढली.

तिसरा थांबा गांधी मैदान, आणि इथं मात्र थोडं थांबावं लागेल.

गांधी मैदान म्हणजे जुनं वरुणतीर्थ तळं. कोल्हापूर हे मुळात तळ्यांचं गाव. वरुणतीर्थ, रावणेश्वर, कपिलतीर्थ, सिद्धाळा, खंबाळा, ही नावं आज आपण गल्लीच्या नाहीतर देवळाच्या पत्त्यात वापरतो, पण ती सगळी पाण्याची नावं. कळंब्याचं पाणी नळानं घरात आलं, तळ्यांची गरज सरली, तळ्यांत घाण साचू लागली आणि एकेक तळं बुजत गेलं. कपिलतीर्थाची भाजी मंडई झाली, सिद्धाळ्याची बाग झाली. वरुणतीर्थाचं मैदान झालं आणि ते आपल्या वाट्याला आलं. म्हणजे आपल्या संघाचा निम्मा इतिहास एका तळ्याच्या तळाशी घडलाय. पटत नसेल तर जुलैत जाऊन बघा. दोन दिवस झड लागली की वरच्या गल्ल्यांचं पाणी उतारानं तिथं येतं, नेमकं सखल भागात थांबतं आणि हलत नाही. मैदानाला जुनी सवय आठवते. बाकीचे त्याला समस्या म्हणतात आणि ती आहेच; त्यावर निवेदनं देऊन आमच्या चपला झिजल्या. पण आमचे जुने सेंटर फॉरवर्ड (वय सांगितलं तर रागावतात) सांगतात की त्या चिखलातच त्यांना चेंडू आडवा न मारता उचलून मारायची सवय लागली. आडवा मारला तर तो चिखलात रुतायचा.

त्यांनीच जपून ठेवलेला एक चेंडू आता तालमीच्या कपाटात आहे. चामड्याचा, आठ-दहा पट्ट्यांचा, तोंडाला वादी. आतला ब्लॅडर कधीच कुजलाय, चामडं वाळून खारकेसारखं झालंय. वादीची गाठ जिथं आहे तिथं हात फिरवून बघा, म्हणजे जुन्या लोकांच्या कपाळावर खुणा का असतात ते कळेल. पावसात हा चेंडू पाणी पिऊन दुप्पट जड व्हायचा आणि गाठीची बाजू कपाळावर आली की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. हेडिंग करायला जिगर लागायची. बूट सगळ्यांकडं नसायचेच. अनवाणी खेळणारे आणि बूटवाले एकाच संघात. फेरीच्या दिवशी हा चेंडू गांधी मैदानावर बघायला ठेवणार आहोत. हात लावायला हरकत नाही, फक्त लाथ मारू नका.

चौथा थांबा दुधाळी. तिथं आपण फार खेळलो नाही, पण जे सामने झाले ते पेठ अजून विसरलेली नाही. त्यातल्या एका सामन्याचा निकाल अजून दोन तालमींत वेगवेगळा सांगितला जातो, त्यामुळं तो फलकावर लिहिणार नाही. वाद नको.

शेवट शाहू स्टेडियम. तेही तळंच होतं. रावणेश्वराचं देऊळ शेजारी आहे, त्याच्या नावाचं तळं बुजवून त्या जागी हे स्टेडियम उभं राहिलं. एका बाजूला खासबागचं कुस्तीचं मैदान, एका बाजूला हे. तालमीतनं लंगोट सोडून पोरांनी फुटबॉलची पँट चढवली ती ह्या दोन मैदानांच्या मधल्या रस्त्यावर, असं आम्ही गमतीनं म्हणतो. कोल्हापुरात फुटबॉल क्लबांची नावं तालमींची का आहेत, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, ऋणमुक्तेश्वर, सगळीकडं लाल मातीचा आखाडा आधी आणि चेंडू नंतर. २०१७ साली १७ वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघातून उतरला, तेव्हा आख्खं शहर टीव्हीसमोर बसलं होतं. भारताचे सामने दिल्लीच्या मोठ्या स्टेडियमवर होते, पण अशा पोराच्या मागं किती परडी, किती पेटाळे आणि किती बुजलेली तळी असतात, ते कुणी मोजत नाही.

इथं उपकार स्मरणं भाग आहे. हा संघ कधीच पैशावर चालला नाही, माणसांवर चालला. चेंडूची शिवण उसवली की चप्पल लाइनीतले कारागीर टाके घालून द्यायचे, एक पैसा घ्यायचे नाहीत. "मॅच जिंकून या, तेवढं पुरे," म्हणायचे. गुजरीतल्या एका सराफ काकांनी पहिला एकसारखा जर्सीचा संच दिला. त्याआधी प्रत्येक जण घरच्या रंगाचा शर्ट घालून उतरायचा आणि पास कुणाला द्यायचा तेच कळायचं नाही. त्या जर्सीवर नंबर शिवून देणारे शिंपी मामा आकडा सात नेहमी तिरका काढायचे, त्यामुळं सात नंबरचा खेळाडू लांबून ओळखू यायचा. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरच्या म्हशीवाल्यांनी सामन्याच्या संध्याकाळी अकरा पेले धारोष्ण दूध कितीतरी वर्षं फुकट पाजलं. बदली खेळाडूंनाही द्यायचे, पण अर्धा पेला. आणि ज्या मावश्या-काकूंनी चिखलानं माखलेल्या जर्सी रात्रीतनं धुऊन, चुलीच्या उबेला वाळवून सकाळी घडी करून दिल्या, त्यांची नावं कुठल्याच अहवालात आलेली नाहीत. फेरीत पहिल्या रांगेत त्या चालतील, असं मंडळानं ठरवलंय. पेठेतनं मुंबईला गिरणीत कामाला गेलेल्या आपल्या लोकांचीही आठवण काढली पाहिजे. पगार झाला की मनिऑर्डर यायची आणि खाली दोन ओळी : बॅकला माणूस बदला. त्यातल्या बऱ्याच सूचना बरोबर असायच्या.

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नका. हेच आवाहन गेल्या वर्षीही केलं होतं. ग्रुपवर अंगठे भरपूर आले, हात जोडलेले आले, कुणी कुणी डोळ्यांत पाणी असलेली चित्रंही पाठवली. रक्कम जमली ती एका फलकाच्या दगडालाही पुरली नसती. एका स्पर्धेचा चषक आणला तर गुलालाला, डॉल्बीला, चौकातल्या डिजिटल फलकाला रात्रीतनं पैसे उभे राहतात. त्या डिजिटलवर ज्यांनी कधी चेंडूला पाय लावला नाही त्यांचेही फोटो असतात. तेव्हा कुणी पावती मागत नाही. जुन्या खेळाडूंसाठी हजार रुपये मागितले की मात्र हिशेब विचारला जातो. हिशेब विचारा, जरूर विचारा, तो तालमीच्या दारावर लावलेला आहे. पण विचारणाऱ्यांनी थोडे पैसेही दिले असते तर बरं झालं असतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा लोक रस्त्यावर येऊन रडले. रडायलाच पाहिजे होतं. मैदान मात्र असं एका रात्रीत जळत नाही. आधी कोपऱ्यात एक टपरी येते, मग गाड्या लागतात, मग कंपाउंड, मग बोर्ड, आणि एक दिवस कुणाला आठवतही नाही की इथं पेनल्टी चुकली होती.

महत्त्वाचं थोडक्यात, जागा नाही म्हणून एकत्रच लिहितो. फेरी सकाळी ६.३० ला तालमीसमोरून निघेल, उन्हाच्या आत स्टेडियमवर पोचायचं आहे, ज्येष्ठांसाठी चार रिक्षा ठेवल्यात, नाव आधी द्यावं. शेवटी सगळ्यांना मिसळ. खर्चाचा अंदाज : पाच दगडी फलक कोरणावळीसह ४५,००० रुपये, जुने फोटो मोठे करून छापणं आणि मांडणी १५,०००, रिक्षा, पाणी, नाश्ता १५,०००, एकूण ७५,००० रुपये. हातात आहेत १८,५००. किमान देणगी वगैरे काही नाही, पन्नास रुपयेही चालतील. रोख रक्कम तालमीत रोज संध्याकाळी ७ ते ९, खजिनदारांकडं, छापील पावती घेतल्याशिवाय देऊ नये. क्यूआर कोड तालमीच्या दारावर आहे, पैसे पाठवल्यावर नाव आणि गल्ली कळवावी, नाहीतर जमा कुणाच्या नावे करायची तेच कळत नाही (गेल्या वेळी अशा तीन जमा झाल्या, त्यांनी पुढं यावं). फोटो मूळ द्यायला मन होत नसेल तर आम्ही घरी येऊन मोबाईलवर घेऊ, मूळ फोटो त्याच दिवशी परत. फोटोमागं नावं लिहिलेली असतील तर ती बाजूही दाखवा. सार्वजनिक जागांवरच्या फलकांसाठी अर्ज दिलेत, ते संबंधित टेबलावर कुठंतरी आहेत. परवानगी वेळेत आली नाही तर त्या जागी तात्पुरता लाकडी फलक धरून दोन पोरं उभी राहतील, फेरी थांबणार नाही. दगड कोरायला द्यायचा तर आगाऊ पैसे लागतात, म्हणून देणगी शिवजयंतीच्या आधी यावी ही कळकळीची विनंती.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. फलकावर देणगीदारांची नावं येणार नाहीत, कुणाचीच नाहीत, अध्यक्षांचीही नाहीत. तिथं मैदानाचं नाव आणि तिथं खेळलेल्यांची आठवण, एवढंच. देणगीदारांची यादी तालमीत लागेल. दुसरं, फेरीत गुलाल नाही, डॉल्बी नाही आणि दुसऱ्या तालमीच्या नावानं घोषणा अजिबात नाही. बाकी कुठल्याही तालमीचा माणूस आला तर त्याला पहिला मान. त्यांच्याशिवाय आपण कुणाशी खेळलो असतो? स्टेडियमवरचं भांडण स्टेडियमवर.

पुण्या-मुंबईत, आखातात, कुठं कुठं असलेल्या पेठेच्या पोरांनो, ह्या वेळी सुट्टी जमवा. नाही जमली तर तुमच्या आजोबांचा संघातला एक फोटो तरी कुणाच्या हाती पाठवा. उभे राहिलेले कोण आणि बसलेले कोण, ते सांगणारी दोन-तीनच माणसं आता उरलीत, आणि त्यांतल्या एकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. डॉक्टरांनी दिसायला लागेल म्हणून सांगितलंय. तोवर फोटो गोळा झालेले हवेत.

आपला,
सचिव

ता. क. : गेल्या वर्षी बैठकीत उठून उभं राहून रकमा जाहीर केलेल्यांची यादी माझ्याकडं आहे. नावं लिहीत नाही. पत्र मिळाल्याचं तेवढं कळवा.