मावसभावाकडची चोरी आणि सुयांचे गाठोडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातले 'अनुभवाचे बोल' हे पत्र वाचले. पत्रलेखकांच्या मावसभावाच्या सोसायटीत चोरी झाली, चोर परप्रांतीय निघाला, म्हणून परप्रांतीयांना आणि 'त्या समाजाच्या' लोकांना घरे भाड्याने देऊच नयेत, असे त्यांचे म्हणणे. चोरी झाली असेल, त्यांच्या नुकसानीचे मलाही वाईट वाटते. पण एका चोरामुळे बाकीच्या हजारोंनी दाराबाहेर का उभे राहायचे? रात्रभर हे डोक्यातून गेले नाही, म्हणून लिहिते आहे.

असल्या 'अनुभवा'वर मीही एकदा विसंबले होते. जून २०१८. धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत मी शिकवत होते. मुले पळवणारी टोळी आल्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आला, खाली लिहिलेले, 'माझ्या मेहुणीच्या गावात कालच घडले.' मेहुणी कोणाची, गाव कोणते, काही न विचारता मी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी शाळेच्या फाटकाशी सुया-बिबे विकणाऱ्या एका म्हातारीला पालकांनी धरले. तिचे गाठोडे रस्त्यावर ओतले. फण्या, कुंकवाच्या डब्या, सुयांच्या पुड्या आणि बिस्किटांचे दोन पुडे. त्या बिस्किटांवरच सगळे अडले. "बिस्किटं कशाला? पोरांना भुलवायला?" ती म्हणत होती, "नातवाला घेतली, बाई," आणि हे माझ्याकडे बघून म्हणत होती. मुख्याध्यापकांनी तिला आत घेतले, पोलिस आले, म्हणून ती वाचली. मी तोंडातून शब्द काढला नाही. मेसेज मी टाकला होता, हेही सांगितले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जुलैला, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसे. बहुतेक आपल्याच महाराष्ट्रातली. त्याच रात्री मालेगावात अशाच जमावातून पोलिसांनी पाच जणांना सोडवले, त्यांत एक लहान मूल होते. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीचा होता, शेवट कापून टाकलेला. जाहिरातीत ते मूल परत आणून सोडतात.

उलट अनुभव माझ्याकडेही आहे. आमच्याकडे रंग द्यायला आलेल्या, उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यातल्या पोराला कपाटामागे माझी अंगठी सापडली, ती त्याने हातात आणून दिली. पण तेवढ्यावरून मी सगळ्या उत्तर भारतीयांच्या सचोटीची हमी देणार नाही. पत्रलेखकांनीही मावसभावाच्या चोरावरून सगळ्यांना चोर ठरवू नये.

आणखी एक. त्याच अंकात तिसऱ्या पानावर मथळा आहे, 'परप्रांतीय चोरटा जेरबंद'. त्याच पानावरच्या दुसऱ्या घरफोडीतला आरोपी आपल्याच जिल्ह्यातला, तिथे मात्र नुसते 'चोरटा'. मथळ्यात मुलूख लिहायचा तर दोघांचाही लिहा, नाहीतर कोणाचाच नको.

आणि अशी पत्रे छापण्यापूर्वी पत्रलेखकांना एवढे तरी विचारत जा, की सोसायटी कोणती आणि तक्रार कोणत्या पोलिस ठाण्यात नोंदवली. २०१८ मध्ये मी हे विचारले नव्हते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, धुळे