पापलेटची पिल्लं घेऊ नकोस बायो

प्रिय बायो,

काल रात्री तू फोटो पाठवलास ना, ताटात ओळीने मांडलेली पापलेटं, हिरवं वाटण लावलेली, आणि खाली लिहिलंस आई बघ किती स्वस्त मिळाली. पुण्यात एकटी राहून ऑफिसवरून दमून येऊन पण घरचं म्हावरं स्वतः करून खातेस याचा मला आधी आनंदच झाला. मग फोटो बोटांनी मोठा करून बघितला. बाजूला ठेवलेल्या चमच्याएवढी पण नव्हती गं ती. फोनवर बोलले असते तर तू घाईत हो हो करून ठेवला असतास म्हणून लिहितेय, निवांत वाच.

ती पिल्लं आहेत. अंडी घालायचं वय पण झालेलं नाही त्यांचं. 2023 मध्ये आपल्या राज्यात 54 जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली, त्यात पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370, त्याच्या खालचं पकडायचं नाही असा नियम आहे. मला विचारशील तर पापलेटला 135 पण कमीच ठेवलंय, साडेतेरा सेंटीमीटरच्या पापलेटमध्ये खायला असतं तरी काय, काटा आणि कातडी. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. सातपाटीत तेव्हा किती आनंद होता, आपल्या गावाचं नावच पापलेटवर आहे म्हटल्यावर होणारच, पण नुसता मान देऊन मासा वाढत नाही, त्याला वाढायला वेळ द्यावा लागतो.

तू लहान होतीस तेव्हाचं तुला किती आठवतं माहीत नाही. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बोट बाहेर गेली की चार-पाच दिवस तिकडेच, आणि परत येताना पण लगेच बंदरात शिरता येत नाही कारण आपली खाडी गाळाने भरलेली, भरतीचं पाणी चढेपर्यंत बोटी बाहेरच थांबून राहतात. कधी रात्री दोनला पाणी, कधी दुपारी. मी तुला झोपलेली तशीच काखेत उचलून बंदरावर न्यायचे, घरी ठेवणार कोणाकडे, तुझी आजी पण तिकडेच टोपली घेऊन उभी असायची. बर्फातून पापलेट वर काढलं की चांदीसारखं चमकायचं आणि तू झोपेतून उठून हात लावायला धावायचीस. ते सगळं मच्छीमारांच्या सोसायटीत जायचं, तिथे वजनाप्रमाणे वेगळं करायचे, 500 ग्रॅमच्या वरचं ते सुपर, मग त्याच्या खालचे नंबर, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. ही सोसायटी स्वातंत्र्याच्या आधीपासूनची आहे गावात, व्यापाऱ्याच्या दारात भावासाठी हात जोडायला लागू नयेत म्हणून आपल्या माणसांनी उभी केलेली. तुझी शाळा, तुझं इंजिनिअरिंग, हॉस्टेल, सगळं त्या सुपरच्या पैशावर झालंय, बारीक मालावर कोणाच्या पोराचं शिक्षण होत नाही.

बाबांचं जाळं तर तू बघितलंयस, मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं. रात्री पाण्यात सोडायचं, पहाटे ओढायचं. मोठ्या पापलेटचं डोकं आसात शिरतं आणि कल्ल्याला अडकतं, लहान असेल ते आरपार निघून जातं, ते पुढच्या वर्षीसाठी. तुझे आजोबा नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटायचे नाहीत, तेव्हा कोणी ऑफिसर येऊन सांगत नव्हता, पावसात मासा गाभोळीवर, म्हणजे अंड्यांवर असतो एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. आता 1 जून ते 31 जुलै बंदी असते सरकारी, ती आपल्याकडे पाळतात पण, पण बंदी उठली की काय होतं, बारीक आसाची जाळी सगळं खरवडून घेऊन जातात, त्यात एलईडी दिवे लावून रात्री मासा गोळा करणारे वेगळेच, त्यावर 2017 पासून बंदी आहे तरी बाबा सांगतात लांबून उजेड दिसतो म्हणून. पावसानंतरच्या ह्या दिवसांत पापलेटची पिल्लं किनाऱ्याजवळ असतात आणि तीच किलोवर पुण्या-मुंबईच्या बाजारात जातात. हीच पिल्लं वर्षभर पाण्यात राहिली असती तर एकेकाचं ताट भरलं असतं, आणि कोणाच्या तरी घरात पैसा आला असता. बाबा हल्ली डिझेल आणि बर्फाचा खर्च पण निघत नाही अशा फेऱ्या करून येतात आणि काही बोलत नाहीत, नुसतं जाळं शिवत बसतात, मला ते बघवत नाही.

सगळा दोष घेणाऱ्यांचा आहे असं मी म्हणत नाही. पकडणारे आहेत, विकणारे आहेत, तिकडे वाढवणला बंदराचं भूमिपूजन 2024 च्या ऑगस्टमध्ये झालं, त्यात मासेमारीची जागा किती जाईल त्याची काळजी वेगळीच, त्यावर मी लिहायला बसले तर पत्र संपणार नाही. पण ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो माल कोणी टोपलीत घेऊन बसत नाही. मी इतकी वर्षं बाजारात बसले, मला ते माहीत आहे. विरारच्या पुढे लोकल 2013 ला आली, त्याच्या आधी शटलला लोंबकळत टोपली घेऊन जायचो आम्ही, आणि संध्याकाळी काय उरलं ते बघूनच दुसऱ्या दिवशी काय उचलायचं ते ठरवायचो. गिऱ्हाईक नाही म्हणालं की दोन दिवसात टोपली बदलते.

म्हणून तू नाही म्हण. आणि रूममेटला पण सांग.

मग घ्यायचं काय? पापलेट खायचंच असेल तर महिन्यातून एकदा घे पण हाताच्या पंजापेक्षा चांगलं मोठं घे, एकच घे. घेताना कल्ल्याजवळ दाब, पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर ठेव परत, मावशी कितीही गोड बोलली तरी. पोटावर बोट दाबून बघ, खड्डा राहिला तर नको. आणि तिकडे रूपचंद पण पापलेट म्हणून गळ्यात मारतात, तो तळ्यातला मासा, त्याच्या पोटावर लाल झाक असते, खायला वाईट नाही पण पापलेटचा भाव देऊ नकोस त्याला. बाकी दिवस बोंबील घे, मांदेली घे, बांगडा घे, स्वस्त पण आणि चवीला काय कमी आहेत? मांदेली असतेच लहान, ती 115 मिलिमीटरच्या वर असली म्हणजे नियमात बसते समज, तिथे मन खाऊ देऊ नकोस. सगळं लहान म्हावरं पिल्लूच असतं असं नाही, कोणता मासा केवढा होतो ते कळलं पाहिजे, ते तू बंदरावर वाढलेली आहेस, तुला कळेल. ओले बोंबील आणलेस तर उभे चिरून पाट्याखाली दाबून ठेव, पाटा नसेल तर ताटावर पाण्याचा डबा ठेव, पाणी निघून गेलं की मगच मसाला लाव नाहीतर तव्यात लगदा होतो. गणेश पेठेच्या बाजारात सकाळी लवकर गेलीस तर निवड चांगली मिळेल, रविवारी दुपारी उरलेला माल असतो.

आणि ज्या आठवड्यात काहीच चांगलं मिळालं नाही त्या आठवड्यात सुकं कर. उन्हाळ्यातले बोंबील आहेत अजून घरी, तुझ्या काकीने वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर वाळवलेले, तोंडात तोंड अडकवून जोडीने टांगलेले, ते एकदम कडक आहेत. थोडे सोडे, सुकी कोलंबी, पण आहेत. वांगं-बटाट्यात टाक, चिंचेचा कोळ घाल, भाताबरोबर दोन दिवस जातं. शेजारच्या पोराला गुरुवारी पुण्याला यायचंय, त्याच्याकडे डबा देते, तीन पिशव्यांत गुंडाळून देते म्हणजे बसमध्ये वास येणार नाही. रूमवर वासाचं कोणी काही बोललं तर खिडकी उघडी ठेव आणि कर, लाजायचं कारण नाही.

दिवाळीची सुट्टी किती दिवस ते कळव. बाबांची फेरी त्याप्रमाणे ठरवतील म्हणाले, आणि तू येशील तेव्हा जे मोठं लागेल ते सोसायटीत न देता घरी ठेवणार आहेत, मी नको म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. गुरुवारी डबा मिळाला की मिस कॉल दे.

तुझी आई