उसिरु बिडी

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी सांगते आहे आणि धाकटी लेक मोबाईलवर लिहून घेते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, ते ठाऊक आहे. पण निपाणीतल्या माझ्यासारख्या बायांच्याही नजरेला पडावं म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते.

कंबर दुखते म्हणून तुमच्याकडे उपचाराला आले, त्या पहिल्या दिवशीची गंमत आधी. तुम्ही मला उताणी झोपवलंत, एक हात छातीवर, एक पोटावर ठेवलात आणि म्हणालात, "उसिरु तगोळ्ळी, निधानक्के बिडी." जन्म कर्नाटकात गेला, पण आमच्या गल्लीत सगळं मराठीतच चालतं. मला शेवटचा शब्द तेवढा कळला. मी म्हटलं, "ओढत नाही हो मॅडम, नुसती वळते!" तुम्ही क्षणभर बघत राहिलात आणि मग हसू आवरेना तुम्हाला. कन्नडात बिडी म्हणजे सोडा. श्वास सोडा म्हणत होता तुम्ही.

एकतीस वर्षं वळतेय. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, मान खाली, पोटाची घडी. हजार व्हायला अख्खा दिवस जातो. तंबाखूची धूळ नाकात जाऊ नये म्हणून श्वास वरच्या वर घ्यायचा, आणि दोरा गुंडाळताना तर धरूनच ठेवायचा. असं करते हे मला कधी कळलंच नव्हतं. तुम्ही दाखवलंत तेव्हा कळलं. छातीवरचा हात खालीवर होत होता, पोटावरचा जागचा हलत नव्हता.

त्याआधी काय काय नाही केलं! उसण भरली म्हणून गल्लीतल्या पायाळूकडून तीनदा लाथ खाल्ली. (तो माझ्या भाच्याचा वर्गमित्र, लाथ मारायच्या आधी पाया पडायचा.) पट्टा घेतला, तो वर्षभर लुगड्यावर बांधून हिंडले. एका ठिकाणी फोटो बघून "मणक्यात गॅप पडलाय" म्हणाले. त्या शब्दानं मी जास्त वाकले. वाकायची भीती, शिंकायची भीती, म्हणून पुन्हा श्वास धरायचा.

तुम्ही हात लावायच्या आधी किती विचारलंत! पायात मुंग्या येतात का, पाय लुळा पडतो का, लघवीवर ताबा आहे का, ताप, वजन कमी, रात्री दुखून जाग येते का. यातलं काही असतं तर आधी मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं, म्हणालात. मग फोटो बघून म्हणालात, अव्वा, पन्नाशीत कंबर अजिबात न दुखणाऱ्या दहा जणांचे फोटो काढले तर आठांच्या मणक्यातल्या गाद्या झिजलेल्या दिसतात. केस पिकतात तसं. त्या एका वाक्यानं माझी निम्मी कंबर सुटली असं मी सगळ्यांना सांगते. लेक म्हणते, निम्मी जास्त होतं. असू दे.

पोटाच्या आत श्वासाचा पडदा असतो, पालथ्या सुपासारखा, हेही तेव्हाच ऐकलं. त्याच्या मागच्या दोऱ्या कमरेच्या वरच्या मणक्यांना बांधलेल्या असतात, उजवीकडे तीन मणक्यांना, डावीकडे दोन. श्वास घेतला की सूप खाली दबतं, आणि पोटाचे, ओटीपोटाखालचे स्नायू साथीला आले की भरलेल्या पखालीसारखा पोटाला ताठपणा येतो, त्याच्या आधारानं कणा उभा राहतो. रिकामी पखाल कोण उभी करणार! श्वास छातीतच अडकला तर ओझं कमरेच्या मागच्या स्नायूंवर पडतं. माझे दगड झाले होते.

मग तुमचे हात. मला वाटलं कडकड मोडणार. तुम्ही तसलं काही केलं नाहीत. बरगड्यांच्या कडेखाली अंगठे ठेवायचे, मी श्वास सोडला की हलकेच आत दाबायचे, घेतला की ढिले सोडायचे. बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या भागाला मळायचं, मणक्यांवर तळव्यानं हळूहळू ताल धरायचा. दुसऱ्या खेपेला परकराच्या नाडीचा काळा वळ बघितलात आणि म्हणालात, आधी ही ढिली करा. एवढी वर्षं नाडीनंच पोट आवळून धरलेलं! आता रुंद पट्टी शिवून घेतलीय.

फुंकणीचं तर खास. श्वास लांब सोडायचा म्हणजे कसा ते माझ्या डोक्यात शिरेना. तुम्ही विचारलंत, घरी चूल आहे का. पाण्याची आहे. मग, विस्तव उडू न देता फुंकणीनं फुलवायचा, तसं सोडा म्हणालात. लगेच जमलं.

आणखी एका गोष्टीचे आभार. माझ्या हातानं दोन-चार दिवस बरं वाटेल, पुढचं तुमच्या चालण्यावर आणि व्यायामावर, नुसत्या श्वासानंही भागणार नाही, असं स्पष्ट सांगितलंत. पैसे घेणारं माणूस असं बोलतं हे मला नवीन होतं. पट्ट्याचंही लेकीनं शोधलं, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली जुनाट कंबरदुखीला पट्टा नको असं लिहिलंय. पट्टा आता बोचकं बांधायला आहे.

सहा खेपा झाल्या. दुखणं पार गेलं नाही. अमावास्येला घर सारवलं की डोकं वर काढतं. पण चार कट्टे झाले की, म्हणजे शंभर बिड्या, मी उठते, भिंतीला टेकून पाच लांब श्वास सोडते, दारापर्यंत जाऊन येते. कारखान्यात बिड्या द्यायला जाताना बोचकं आता मीच उचलते.

शेजारणीला सोमवारी तुमच्याकडे पाठवते. तीही त्या पायाळूकडे निघाली होती. तिला सांगून ठेवलंय, त्या बिडी म्हणाल्या तर ओढत नाही म्हणू नकोस.

तुमची,
बिडीवाली अव्वा
निपाणी